गॅरेजच्या छपरावरून बाईंच्या भिंतीपर्यंत

४ मार्च

टोळदादा,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर तू "हं, बरं, आईला देतो" याच्या पलीकडे जात नाहीस, म्हणून म्हटलं कागदावर गाठावं. शिवाय काम असं आहे की तुला कागद-पेन्सिल घ्यावीच लागेल.

काम माझ्या ऑफिसचं आहे. मी काय करते ते मावशीला सतरा वेळा सांगितलं आणि तिने सगळ्यांना सांगितलं, "भिंगरी कॉम्प्युटरवर कार्टून काढते." कार्टून नाही, आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. त्यात एक मुलगा धावतो, उड्या मारतो, या भिंतीवरून त्या छपरावर जातो, आणि पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. प्रत्येक टप्प्याला वेगळी जागा. जंगल झालं, बर्फ झाला, आता चौथा टप्पा माझ्या गळ्यात पडलाय, आणि तो म्हणजे शहराच्या कडेची साधी वसाहत. बैठी घरं, पुढे फाटक, मागे परस, कुंपणं, गॅरेजं, गच्चीवर वाळत घातलेले कपडे. बॉस म्हणाला, कुठून तरी फोटो शोध. मी म्हटलं शोधायचे कशाला, आई गेल्यावर मी मावशीकडे दोन वर्षं अशाच गल्लीत काढलीत.

तर मी आपली गल्ली बनवतेय. आठवणीतून बरंच जमलं, पण आठवणीतल्या भिंती फार उंच आहेत. मी नऊ वर्षांची होते, त्यामुळे तुमचं फाटक मला किल्ल्याच्या दरवाजाएवढं आठवतंय. फरशी बसवणाऱ्याच्या खिशात टेप असतोच, म्हणून तुला त्रास. फाटकाची उंची, पुढच्या झुडपांच्या कुंपणाची, पत्रपेटीची, मागच्या जिन्याच्या पायऱ्या किती आणि केवढ्या. आणि तुमच्या गॅरेजच्या छपरापासून शेजारच्या व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत अंतर किती ते. मधे त्यांचं काचघर होतं. ते गेलं असेल, पण भिंत असेल ना?

मुलाचं नाव ठरलेलं नाही. फाइलमध्ये मी तूर्त "टोळ" लिहून ठेवलंय. त्याची सगळ्यात मोठी उडी म्हणजे तुझी ती उडी. एवढं तरी मी करावं.

मावशीला नमस्कार सांग.

भिंगरी

१५ मार्च

भिंगरे,

पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा आईला वाटलं कोर्टाचं आहे. तुझं आहे म्हटल्यावर उशाशी घेऊन बसली. मला तीनदा वाचून दाखवायला लावलं. "कार्टून नाही" हे वाक्य तिने तिन्ही वेळा ऐकलं नाही.

मापं मागच्या कागदावर आहेत. फाटक तीन फूट नऊ इंच, तुझ्या किल्ल्याला रंग मीच दिलाय गेल्या वर्षी. जिन्याच्या अकरा पायऱ्या, त्यातली सातवी पहिल्यापासून उंच आहे, कोणी बांधली देव जाणे, येणारा जाणारा ठेचकाळतो. तशीच ठेव, तुझ्या टोळालाही ठेचकाळू दे.

पण काय गं, मला गेममध्ये घालतेस आणि विचारतही नाहीस. आमची कन्या हवेत आहे. शाळेत सांगून आली, बाबा गेममध्ये येणार. तिला ती गोष्ट पाठ आहे. बारा वर्षांचा तिचा बाप गॅरेजच्या छपरावरून काचघर ओलांडून थेट पलीकडच्या भिंतीवर. पाय लागून कुंडी काचेतून खाली गेली, हे ती सांगते. पुढचं मी तिला सांगत नाही. बाई खाली रोपं लावत होत्या, काचेने त्यांचा डावा तळवा चिरला आणि दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. शिकवण्या बंद झाल्या, वर्षाच्या आत त्या घर सोडून गेल्या. आणि बाबांनी माझं मैदान बंद केलं. लांब उडीच्या निवडीला पंधरा दिवस होते. बूट कुणाला तरी देऊन टाकले. त्यांनी मारलं असतं तर मी मार खाल्ला असता, पण त्यांनी मला हातही लावला नाही.

कोणी सांगितलं हे बाबांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. "घरातल्याच माणसाने डोळ्यांनी बघितलंय" एवढंच. आता घरात होतो कोण, तू, मी, आई आणि अक्का. आई आत होती, तू चिमुरडी. गच्चीवर कपडे वाळत घालायला कोण होतं ते मला ठाऊक आहे. बाबा माझ्या स्पर्धांना यायचे आणि हिच्या गॅदरिंगला नाही, हे तिच्या पोटात होतंच. बत्तीस वर्षं मी सख्ख्या बहिणीशी बोलत नाही. तिच्या लग्नाच्या दिवशी मी दिवसभर मैदानाच्या कठड्यावर बसून होतो. आता ती दोन स्टॉप पलीकडे राहते आणि आईला भेटायला येते ती मी कामावर असताना. बरंच आहे ते.

तुझ्या गेममध्ये गच्चीवर तिला उभी कर. कपडे झटकत असते, आणि कोणी दिसलं की चुगली. खेळणाऱ्याला मजा येईल.

गॅरेजवर चढायचं राहिलं. गुडघा कुरकुरतोय. पुढच्या वेळी.

टोळ

२ एप्रिल

दादा,

मापं मिळाली. सातवी पायरी जशीच्या तशी बांधली, पहिल्या दिवशी सगळं ऑफिस तिच्यावर धडपडलं आणि तुझ्या नावाने शिव्या घातल्या. कन्येला सांग.

गच्चीवरची बाईही टाकली. कपडा झटकते, वळते, बघते, शिट्टी वाजते आणि मुलगा पुन्हा फाटकापाशी. बॉसला इतकी आवडली की म्हणाला, हिला शेवटपर्यंत ठेवू. सगळे हसत होते. मीही हसले.

तू म्हणालास म्हणून टाकली. पण तुला खात्री आहे का रे, अक्काच होती म्हणून? इतकी वर्षं झाली. काकांनी नाव घेतलं नव्हतं म्हणतोस. मी आपलं सहज विचारलं.

आता माझं रडगाणं ऐक. आमच्या धंद्यात मुलाची उडी आधी ठरते आणि मग जग बांधतात. तो किती लांब आणि किती उंच जातो, त्या मापात प्रत्येक खड्डा, प्रत्येक भिंत. मी उलटं केलं. मी आधी ती गॅरेजची उडी ठरवली आणि म्हटलं, याला एवढी जमलीच पाहिजे. मुलाला तेवढी ताकद दिली, तर बाकीची गल्ली कामातून गेली. कुंपण, पत्रपेटी, जिना, सगळ्यावरून तो नुसता टांग टाकून जातो. तुझ्या फाटकाकडे बघतसुद्धा नाही. ताकद कमी केली, तर गल्ली छान चालते आणि गॅरेजवरून प्रत्येक जण काचेत पडतो. खेळून बघायला आलेल्या चाळीस जणांपैकी चाळीस. बॉस रोज विचारतो, ही एक उडी तुला एवढी का हवी? मी म्हणते, खरी घडलेली आहे. तो म्हणतो, मग खरं माप आण.

मी आठवणीने दहा फूट धरलंय. तू एकदा मोजच. गुडघ्याला सांभाळून.

भिंगरी

२० एप्रिल

भिंगरे,

काल मोजलं. चौदा फूट दोन इंच.

वर टाकी आहे ती तेव्हापासूनचीच, मागे धावायला चार पावलंही नाहीत. पलीकडची भिंत वीतभर रुंद. टेपचं दुसरं टोक धरायला मी कन्येला बाईंच्या बाजूला उभं केलं होतं. तिने खालून वर बघितलं, मग टेपवर बघितलं आणि म्हणाली, "बाबा, इथून?" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. ती टेप सोडून आत गेली. जेवताना तिने गेमचा विषय काढला नाही. भिंगरे, मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. पोरीने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुला सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही. मी ती उडी मारलेली नाही. मी त्या दिवशी तिथे नव्हतोच. शाळेच्या मैदानावर एकटा सराव करत होतो. घरी आलो तर बाबा दारात उभे, आणि गल्लीतली सगळी पोरं कुंपणाला लटकून माझ्याकडे बघत होती. देवाकडे बघावं तसं. "टोळाने काचघर ओलांडलं." त्या आठवड्यात मीच फुशारकी मारत होतो ना, की मी ते ओलांडू शकतो. बाबांनी विचारलं, "तू होतास?" आणि माझ्या तोंडून नाही निघेना. वाटलं, दोन थपडा बसतील आणि नाव राहील. मैदान जाईल असं कुठे माहीत होतं. आणि गेल्यावर कुठल्या तोंडाने सांगू की मी नव्हतो? तेव्हा कोणाचा विश्वास बसला असता?

पन्नाशीकडे चाललेला माणूस मी, लोकांच्या घरांत फरशा बसवताना अजून ती गोष्ट सांगतो. चहा येतो. लाज वाटते लिहिताना, पण लिहिलं.

आता दुसरी गोष्ट. मी तिथे नव्हतो, तर अक्काने मला पाहिलं कुठून? म्हणजे तिने चुगली केली नाही, चक्क खोटं सांगितलं. एवढी वर्षं हे मला सुचू नये, याचं कारण मीच त्या खोट्यावर जगत होतो. रविवारी तिच्याकडे जाणार आहे. सगळ्यांसमोर विचारणार आहे. मला उत्तर हवंय.

टोळ

२४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आज दुपारी आलं. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. लगेच तुला फोन लावला. तू "बोल" म्हणालास. आणि मी मावशीच्या कंबरेचं विचारलं आणि ठेवला. तो फोन त्यासाठी होता. जिभेवर आलेलं गिळलं मी, बेचाळिसाव्या वर्षी. म्हणून हे कुरियरने पाठवतेय, शनिवारी पोचेल म्हणालेत.

अक्काने काही सांगितलं नाही. मी सांगितलं.

बॅडमिंटनचं शटल बाईंच्या पन्हळीत अडकलं होतं. मी मागच्या जिन्याने गॅरेजवर चढले, काठी पुरेना, म्हणून छपराच्या कडेला कुंड्या होत्या त्यांतली एक पायाने सरकवून पुढे वाकले. कुंडी गेली. काच फुटल्याचा आवाज झाला आणि मग बाईंचा. त्या ओरडल्या नाहीत, नुसतं "अगं अगं अगं" म्हणत राहिल्या. मी खाली आले, नळावर पाय धुतले, आणि आत जाऊन गणिताची वही उघडून बसले. काका आले तेव्हा मी नऊ गुणिले सात करत होते. त्यांनी विचारलं, वर कोण होतं? मी म्हटलं, दादा. दादाने उडी मारली.

आईला जाऊन सहा महिने झाले होते. माझ्या मनाने घेतलं होतं की एक चूक झाली की काका मला होस्टेलला टाकतील. काका मला कधी वाकडा शब्द बोलले नव्हते, तरी घेतलं होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तू विचारशील म्हणून सांगतेय.

मी वाट बघत होते की तू नाही म्हणशील. मग मी रडले असते आणि सगळं बाहेर आलं असतं, असं मला वाटायचं. तू नाही म्हणाला नाहीस. दुसऱ्या दिवशी पोरं मला विचारायला लागली, तू बघितलंस ना, कशी मारली? आणि मी सांगत सुटले. हात असे पसरले होते, पाय असे. इतक्यांदा सांगितली की ती मला दिसायला लागली. ती उडी मी बनवली, दादा. मी आत्ता जे काम करते ते मी तुझ्या अंगणात शिकले.

मला माहीत नव्हतं तू अक्काला दोषी धरून बसलास ते. तुमचं पटत नाही एवढंच कानावर होतं, कारण मी कधी विचारलं नाही, कारण मला नको होतं. मार्चमध्ये तू लिहिलंस तेव्हा कळलं. तेव्हाच लिहायला हवं होतं. मी काय केलं, तर अक्काला गच्चीवर उभी केली आणि तिच्या हातात शिट्टी दिली. माझी मला किळस येते.

आज संध्याकाळी तिला काढून टाकलं. ते अंतरही आता नऊ फूट केलंय, त्याचं खरेपण गेलं ते गेलं. पण ही सगळी पडद्यावरची कामं, ती मला पटकन जमतात.

रविवारी जाऊ नकोस. गेलास तर माझं नाव घे, अगदी सगळ्यांसमोर घे.

भिंगरी

६ मे

भिंगरी,

कुरियर मंगळवारी आलं.

रविवारी मी गेलो होतो. अक्काची सून होती, नातू जमिनीवर गाडी खेळत होता. पस्तिसेक मिनिटं मी उभ्या उभ्या बोललो. खोटारडी म्हणालो. माझं आयुष्य नासवलंस म्हणालो. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती, त्या घालत राहिली. नातू रडायला लागला तसं सून त्याला आत घेऊन गेली. मग अक्का म्हणाली, "झालं बोलून? बस, चहा टाकते." मी दार आपटून निघालो. वाटलं, उत्तर नाही म्हणूनच गप्प आहे.

बुधवारी पुन्हा गेलो, तुझं पत्र खिशात घेऊन. दार तिनेच उघडलं. मी पत्र दिलं. तिने चष्मा शोधला, खिडकीपाशी बसून शेवटपर्यंत वाचलं, आणि घडी घालून परत दिलं.

म्हणाली, "मला माहीत आहे. गच्चीवरून मी तिलाच बघितलं होतं."

बाबा मला बोलायच्या आधीच तिने ते आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, गप्प राहा. पोरीला आई नाही, ती आपल्याकडे आलीय, तिला कोणी बोट लावायचं नाही. आपला टोळ दणकट आहे, दोन दिवस रुसेल आणि विसरेल. अक्का सोळा वर्षांची होती, गप्प राहिली. मी तिच्याशी बोलणं टाकलं तेव्हा तिने आईला विचारलं, आता सांगू? आई म्हणाली, थोडे दिवस थांब. लग्नाच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारलं. तेव्हाही थोडे दिवस.

मी म्हटलं, मग तू मला का नाही सांगितलंस, आईला झुगारून? ती म्हणाली, "तू मला एकदा तरी विचारलंस का, अक्का, तू सांगितलंस का म्हणून?" नव्हतं विचारलं. मग तिने विचारलं, "आणि तू तिथे नव्हतास, तर नाही का म्हणाला नाहीस?" आता काय सांगणार? सांगितलं. पोरं कुंपणाला लटकून बघत होती, ते सांगितलं. अक्काने चष्मा काढला. म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं मी तुझ्या ऐटीपायी..." मला वाटलं जमीन फाटावी. तू खोटं बोललीस तेव्हा नऊ वर्षांची होतीस. मी काल-परवापर्यंत बोलत होतो.

घरी आलो. आई खुर्चीत बसली होती. "अक्काकडे गेला होतास? काय म्हणाली?" म्हटलं, चहा पाजला. तिचा चेहरा असा उजळला की मी पुढचं गिळलं. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे ती. मग म्हणाली, "भिंगरीचं पत्र आलं का?" म्हटलं, आलं. "बरी आहे ना पोर?" म्हटलं, बरी आहे.

कन्येला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. अजून नीट बोलत नाही, पण काल माझ्याबरोबर कामावर आली आणि दिवसभर फरशा पुसत होती.

येत्या रविवारी अक्का घरी येणार आहे, मी घरात असताना. म्हणाली, भिंगरीलाही बोलव, एकदा सगळे बसू. मी म्हटलं, लिहितो. म्हणून लिहितोय, अक्काने तुला बोलावलंय. मी बोलावलेलं नाही. राग कितपत आहे ते मला अजून कळत नाही, कारण त्यातला माझा वाटा मोजला की तुझा पुरेसा उरत नाही, आणि तरी तो जात नाही. तुझं तोंड बघायची आत्ता माझी तयारी नाही. होईल तेव्हा मी स्वतः लिहीन.

आईला दर गुरुवारी फोन करतेस तो मात्र चुकवू नकोस. ती सकाळपासून वाट बघते. मी उचलला तर काही बोलू नकोस. मी फोन तिच्या हातात देईन.

टोळ